तैवी खोऱ्यातले जुने फोटो: आधी नावे, मग स्कॅन

वेल्सच्या पश्चिमेला तैवी नदीच्या खोऱ्यात जुन्या फोटोंना तोटा नाही. द्रेवाख वेलिन्द्रेच्या लोकर गिरण्या, केनार्थला कोरॅकल नावाची हलकी होडी पाठीवर घेऊन चाललेले मासेमार, मेंढ्यांची लोकर कातरायला जमलेले शेजारी, चॅपलची म्हणजे गावातल्या प्रार्थनाघराची सहल. तोटा आहे तो नावांचा. स्कॅनर दहा वर्षांनीही मिळेल, पण दुसऱ्या रांगेतली तिसरी मुलगी कोण हे सांगणारी नव्वदीतली बाई तेव्हा नसेल. म्हणून ज्या फोटोंतली माणसे ओळखणारे कोणी अजून हयात आहे, ते फोटो आधी हातात घ्या. १८८० सालचा देखणा फोटो थांबू शकतो, १९४८ सालचा शाळेचा फोटो थांबू शकत नाही.

ओळख पटवताना मूळ फोटो फिरवू नका. मोबाइलवर काढलेली प्रत ए-थ्री कागदावर मोठी छापा, वर ट्रेसिंग पेपर ठेवा, प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढून आकडा घाला. एकाने विचारावे, दुसऱ्याने लिहावे, आणि परवानगी घेऊन आवाजही रेकॉर्ड करावा. ‘ही अमक्याची आई ना?’ असे विचारले की समोरचा माणूस भिडेने हो म्हणतो. ‘ही कोण?’ एवढेच विचारा. दोघांनी दोन नावे सांगितली तर दोन्ही लिहा आणि कोणते कोणी सांगितले तेही नोंदवा. डावे-उजवे नेहमी पाहणाऱ्याच्या बाजूने.

इथे नुसते ‘मिसेस डेव्हिस’ लिहून काही हाती लागत नाही. ग्रामीण वेल्समध्ये जोन्स, डेव्हिस, इव्हान्स, विल्यम्स अशी मोजकी आडनावे पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे माणूस ओळखला जातो तो शेतघराच्या नावाने: ‘डेव्हिस, पेन-लान’. प्रत्येक नावापुढे शेतघर, पॅरिश (चर्चच्या हद्दीतला गावांचा विभाग) आणि बाईचे माहेरचे आडनाव हवेच. शेतघर बदलले असेल तर दोन्ही घरे लिहा. गावाचे नाव वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही रूपांत नोंदवा, कारण शोधणारा कोणते रूप टाइप करील ते सांगता येत नाही. डब्ल्यू आणि वाय या अक्षरांवरच्या टोप्या नोंदीत तशाच ठेवा. फाइलच्या नावात मात्र त्या नकोत, काही संगणकांवर अशी नावे बिघडतात.

तारीख कोणाला आठवत नसेल तर फोटोतच शोधा. मोटारीची नंबरप्लेट सर्वांत उपयोगी. नोंदणी १९०४ मध्ये सुरू झाली आणि जिल्ह्याची अक्षरे ठरलेली होती: कार्डिगनशायरला ‘ईजे’, कार्मार्थनशायरला ‘बीएक्स’, पेम्ब्रोकशायरला ‘डीई’. तैवी बरेच अंतर या जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते, म्हणून गाडी कोणत्या काठाची याचाही अंदाज येतो. पण गाड्या विकल्या जातात, तेव्हा तो अंदाजच. न्यूकासल एमलिन स्टेशनावर आगगाडीची वाट पाहणारे प्रवासी दिसले तर फोटो १८९५ ते १९५२ मधला. पोस्टकार्डाच्या मागे मजकूर आणि पत्ता यांसाठी दोन भाग असतील तर ते १९०२ नंतरचे. अर्ध्या पेनीचे तिकीट लावून देशांतर्गत गेलेले असेल तर साधारण जून १९१८ पूर्वीचे. पुरुषांच्या कोटाची बटणे उलट्या बाजूला दिसली तर निगेटिव्ह उलटी छापली आहे. चॅपलवरची पाटी वाचून खात्री करा. नेमके वर्ष ठरत नसेल तर ‘१९२० ते १९२५ दरम्यान’ असे लिहा. खोटे नेमके वर्ष एकदा छापले की ते पुसता येत नाही.

मग कागदपत्रे. चॅपलच्या वार्षिक अहवालात सभासदांची वर्गणी नावानिशी, बऱ्याचदा घराच्या नावासकट असते. शाळेची रोजनिशी आणि १९२१ ची जनगणनाही उपयोगी. लॅम्पीटर भागातल्या ‘क्लॉन्क’सारख्या वेल्श भाषेतल्या गावपत्रात अनोळखी चेहऱ्यांचा फोटो देऊन पाहा. तसेच, आपल्याकडचा फोटो एकमेव आहे असे समजू नका. छायाचित्रकार जॉन थॉमस (१८३८–१९०५) याच खोऱ्यातल्या केल्लानचा. त्याच्या तीन हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह अ‍ॅबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्समध्ये आहेत, आधी तिथला ऑनलाइन संग्रह चाळा.

स्कॅनिंगसाठी फ्लॅटबेड स्कॅनर, म्हणजे फोटो काचेवर सपाट ठेवायचा तो. शीट आपोआप ओढणारे यंत्र जुन्या फोटोंना चरे पाडते. लांब बाजूला निदान ६००० पिक्सेल मिळतील असे रिझोल्यूशन निवडा: पोस्टकार्डाला १२०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके), दहा इंची प्रिंटला ६००. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करा, नाहीतर पिवळट छटा, डाग आणि शाईच्या खुणा हरवतात. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. मूळ प्रत टिफ या फाइल-प्रकारात. पोस्टकार्डाची एक फाइल सुमारे ८० एमबी होते, म्हणजे हजार फोटोंना ८० जीबी. डिस्क त्या हिशेबाने घ्या. डाग पुसणे, उजळवणे हे फक्त जेपीजी प्रतीवर.

काचेची निगेटिव्ह कधीही धुऊ नका. जिलेटिनचा थर सुटतो. प्रकाशपेटीवर ठेवून मॅक्रो लेन्सने फोटो घेतला तरी चालतो. साठवताना प्रत्येक काच चार पाखांच्या कागदी पाकिटात, लांब कडेवर उभी. आडवी रचली तर खालच्या काचा भाराने तडकतात. व्हिनेगरचा वास येणाऱ्या फिल्म लगेच वेगळ्या करा, त्यांच्या वाफा शेजारच्या फिल्मही खराब करतात. १९५० च्या आसपासच्या किंवा त्याआधीच्या फिल्मच्या कडेला ‘सेफ्टी’ हा शब्द नसेल तर ती ज्वालाग्राही नायट्रेट असू शकते. तिला प्रकाशपेटीवर किंवा स्कॅनरवर ठेवू नका, घरातही ठेवू नका. जिल्हा अभिलेखागाराला विचारा.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. मेण नसलेला दातांचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हलकेच सरकवा. सुटला नाही तर पानासकट स्कॅन करा. मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता. बॉलपेनाचा ठसा पुढे उमटतो. पीव्हीसीची पाकिटे टाळा, पॉलिएस्टरची घ्या. माळा आणि तळघर दोन्ही वर्ज्य. या पावसाळी प्रदेशात घराच्या आतल्या भिंतीजवळचे कपाट बरे, आर्द्रता ३० ते ५० टक्के.

फोटो उसना घेताना चिठ्ठीवर सही घ्या: कोणाचा, किती, कधी परत करायचा, ऑनलाइन टाकायला आणि छापायला परवानगी आहे का. फोटो ज्याच्याकडे आहे तोच कॉपीराइटचा हक्कदार असतो असे नाही. ब्रिटनमध्ये हक्क साधारणपणे छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे राहतो. हयात माणसांचे, विशेषतः लहान मुलांचे फोटो टाकण्यापूर्वी त्यांना किंवा घरच्यांना विचारा. कोणी नको म्हटले तर फोटो काढून टाका, वाद घालू नका.

शेवटी प्रती तीन: एक संगणकावर, एक सुट्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या घरी. वर्षातून एकदा डिस्क उघडून फाइली खरोखर उघडतात का ते पाहा. ‘पीपल्स कलेक्शन वेल्स’ या संकेतस्थळावर फोटो नोंदीसकट चढवता येतात. नावांची यादी फोटोच्या फाइलमध्येही भरा आणि वेगळ्या तक्त्यातही ठेवा, शिवाय तिची एक छापील प्रत अभिलेखागारात द्या.