कौटुंबिक हिंसाचारात मदत खरंच पोचते का? एकत्रित सेवांचं मूल्यमापन कसं करावं

मार खाऊन नागपूरजवळच्या कामठीतल्या घरातून बाहेर पडलेल्या बाईला पुढच्या काही दिवसांत किती उंबरठे चढावे लागतात ते मोजा: पोलीस ठाणं, मेयो किंवा मेडिकल ही सरकारी रुग्णालयं, सखी वन स्टॉप सेंटर (पीडित बायकांना एकाच छताखाली मदत देणारं सरकारी केंद्र), कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, मग न्यायालय. प्रत्येक ठिकाणचं रजिस्टर सुटं पाहिलं तर काम चोख दिसतं. गळती होते ती दोन उंबरठ्यांच्या मधे, आणि ती कुणाच्याच रजिस्टरात येत नाही.

म्हणून सुरुवात नकाशाने करा. सगळ्या यंत्रणांचे प्रतिनिधी दोन तास एका टेबलाशी बसवा आणि मोठ्या कागदावर कोण कुणाकडे पाठवतं याचे बाण काढा. साहेबांपेक्षा रजिस्टर लिहिणारी माणसं बोलावलेली बरी. प्रत्येक बाणावर तीन गोष्टी लिहा: बाईसोबत कोण जातं, कोणता कागद जातो, आणि ती पोचल्याचं उलट कोण कळवतं. तिसरी जागा कोरी राहिली की समजायचं, इथे नुसता पत्ता सांगितला जातो.

मग फाइली. नुकतीच आलेली प्रकरणं घेऊ नका, त्यांचा शेवट अजून दिसत नसतो. सहा ते नऊ महिन्यांपूर्वी पहिल्यांदा आलेल्यांपैकी 40 पुरतात. यादीतली दर तिसरी किंवा चौथी फाइल उचला. निवड समुपदेशकांवर सोडली तर तडीस गेलेलीच प्रकरणं हाती येतात. त्यात लबाडी नसते, तीच आठवणीत राहिलेली असतात. प्रत्येक फाइलची एक ओळ करा: पहिला संपर्क कुठे व कधी, पुढे कुठे पाठवलं, पोचली का, किती दिवसांनी, घरगुती घटना अहवाल (डीआयआर) कधी भरला, अर्ज कधी दाखल झाला, अंतरिम आदेश मिळाला का.

एकच बाई 112 या आपत्कालीन क्रमांकाच्या कॉलमध्ये, ठाण्याच्या एनसीत (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीत), रुग्णालयाच्या एमएलसीत (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय नोंदीत) आणि सखीच्या नोंदीत अशी चारदा मोजली जाते. कुठे माहेरचं आडनाव, कुठे सासरचं. जुळवणी वय, गाव आणि पहिल्या तारखेवरून करा. मोबाइल क्रमांकावर विसंबू नका, तो अनेकदा नवऱ्याचा असतो. पुढे नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरा आणि नावं जुळवणारी यादी एकाच व्यक्तीकडे, कुलपात ठेवा.

दिवस मोजायला फूटपट्टी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियमातच आहे. पहिली सुनावणी साधारणपणे अर्ज मिळाल्यापासून 3 दिवसांत, नोटीस बजावणी 2 दिवसांत किंवा न्यायालयाने दिलेल्या वाजवी वाढीव मुदतीत, आणि अर्ज पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न. सरासरी काढू नका, एक अडकलेली फाइल ती बिघडवते. दिवस चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा घ्या आणि सर्वांत रखडलेल्या पाच फाइली नीट वाचा. अपुरा पत्ता, अतिरिक्त कार्यभार, वकील नेमायला लागलेला वेळ, असं काहीतरी त्यांतच सापडतं. सखी केंद्रात तात्पुरता निवारा 5 दिवसांपर्यंतचा असतो. सहाव्या दिवशी ती कुठे गेली, यासाठी वेगळा रकाना हवाच.

सगळ्यात फसवा रकाना ‘तडजोड झाली’ हा. तो यशात धरला की समुपदेशकाचा कल आपोआप बाईला घरी धाडण्याकडे झुकतो. याच अधिनियमाच्या 2006 च्या नियमांप्रमाणे समुपदेशनात हिंसेचं समर्थन करायला नवऱ्याला मुभा नाही. फाइलीत ‘दोघांनाही समजावले’ एवढंच असेल तर तिथे थांबून विचारा, काय समजावलं? तडजोडीची नोंद तेव्हाच जमेस धरा जेव्हा ती बाईने मागितली होती, नवऱ्याची हमी लेखी आहे आणि नंतर तिची विचारपूस झाली आहे. ‘अर्जदार आली नाही, प्रकरण बंद’ अशा फाइलींचाही वेगळा गठ्ठा करा. उलट, एकत्र काम सुरू झाल्यावर तक्रारी वाढल्या तर लगेच अपयश समजू नका. दार सापडलं की लोक येतातच.

आता बायकांशी बोला. 12 ते 15 जणी पुरे, पण मुलाखत घेणारी सेवा देणाऱ्या संस्थेतली नको. संपर्क तिच्या ओळखीच्या समुपदेशकामार्फत आणि तिने सुरक्षित म्हणून सांगितलेल्या वेळीच. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकू नका. फोन दुसऱ्याने उचलला तर काय बोलायचं ते आधी ठरवा. येण्याजाण्याचं ऑटोभाडं आणि बुडालेली रोजी द्या. मारहाणीची कहाणी पुन्हा विचारू नका. त्याऐवजी विचारा: हेच किती जणांना पहिल्यापासून सांगावं लागलं? कुठे थांबायला लावलं? कोणत्या कागदासाठी परत पाठवलं? मुलांना कुठे ठेवलं? आज घरात किंवा बाहेर सुरक्षित वाटतं का? बोलताना धोका जाणवला तर वही मिटा आणि मदत जोडून द्या, मूल्यमापन नंतर.

एकदा स्वतः तो रस्ता चाला. काटोल किंवा कुहीहून संध्याकाळी निघा. शेवटची एसटी, सीताबर्डीपासूनचं ऑटोभाडं, केंद्राची पाटी रात्री दिसते का, हे टिपा. मात्र परीक्षा घ्यायला 181 या महिला हेल्पलाइनवर किंवा 112 वर खोटा फोन करू नका, त्या वेळी खरी बाई रांगेत असू शकते.

अहवाल दोन पानांचा ठेवा. पाचपेक्षा कमी बायका असलेल्या तालुक्याचा आकडा सुटा छापू नका, लहान गावात ओळख पटायला तेवढं पुरतं. प्रत्येक दुरुस्तीपुढे करणाऱ्याचं पद आणि तारीख हवी, ‘समन्वय वाढवावा’ असलं वाक्य नको. ‘मेयोतून सखीला फोन ड्यूटीवरची परिचारिका करेल, 1 तारखेपासून’ असं लिहा. ज्या बोलल्या त्यांना काय बदललं ते तोंडी कळवा. तीन महिन्यांनी नव्या 10 फाइली काढा आणि फक्त ‘पोचली का’ हा रकाना पुन्हा भरा.