जावाची बॅग रात्रीसाठी भरा

इंडोनेशिया म्हटलं की डोळ्यांपुढे बालीचा किनारा येतो, आणि बॅगही तशीच भरली जाते. चार टी-शर्ट, दोन हाफ पँट, गॉगल, सनस्क्रीन, झालं. आमच्या बारा जणांच्या ग्रुपमधला एक गडी जावा बेटावरच्या ब्रोमो ज्वालामुखीवर पहाटे साडेतीनला हाफ पँटवर, खांद्यावर हॉटेलचा टॉवेल घेऊन उभा होता. तिथले तेंगेर लोक थंडीत खांद्यावरून सारोंग पांघरतात. जीपच्या ड्रायव्हरने आपली सारोंग काढून ह्याच्या अंगावर टाकली आणि स्वतः काचा वर करून आत जाऊन बसला. सूर्योदय छान झाला. पण आमच्यातल्या निम्म्यांनी तो पाहण्याऐवजी ह्याचे हात चोळण्यात वेळ घालवला.

म्हणून जो कोणी ग्रुपने जावातलं योग्याकार्ता शहर, ब्रोमो, इजेन आणि मग बाली असं करायला निघतो, त्याला मी पहिली गोष्ट ही सांगतो की या वाटेवरचं जे बघण्यासारखं आहे त्यातलं निम्मं उजाडायच्या आत असतं. ब्रोमोचा सूर्योदय पेनांजाकानवरून बघतात, ते ठिकाण २,७७० मीटरवर आहे. इजेन ज्वालामुखीची निळी आग अंधारातच दिसते, कारण ती गंधकाच्या वायूची ज्वाळा आहे आणि उजाडलं की डोळ्यांना दिसेनाशी होते. त्यामुळे यादीत सगळ्यात वर झोप लिहा. ब्रोमो आणि इजेन लागोपाठच्या रात्री ठेवू नका, मध्ये एक पूर्ण रात्र झोपायला सोडा. दोन ठिकाणांमध्ये रस्त्याने सहा-सात तास जातात, ते झोपेत धरू नयेत. गाडीत मान वाकडी करून लागलेली डुलकी म्हणजे झोप नव्हे. टूर कंपनीने ‘तीन दिवसांत सगळं’ असा कार्यक्रम दिला असेल तर तो आधीच बदलून घ्या, तिथे जाऊन वाद घालण्यात अर्थ नसतो. आणि खोलीत कोण कोणाबरोबर हे घोरण्यावरून ठरवा, मैत्रीवरून नाही. हे मी गमतीने लिहीत नाहीये.

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्ट पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने चालणारा हवा. भारतीय पासपोर्टवर विमानतळावर व्हिसा मिळतो. तो ५,००,००० रुपियाहचा आणि ३० दिवसांचा असतो, एकदाच वाढवता येतो आणि ऑनलाइन आधी काढला तर रांग वाचते. परतीचं तिकीट छापून जवळ ठेवा. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या, खासकरून झोपेच्या गोळ्या आणि गुंगी येणारी कफ सिरपं. अमली पदार्थांच्या बाबतीत तो देश कमालीचा कडक आहे, तस्करीला तिथे मृत्युदंडापर्यंत शिक्षा होते. ‘मित्राने दिलेलं पाकीट’ हा प्रकार ग्रुपमध्ये अजिबात चालू देऊ नका.

पैशांची गडबड शून्यांमुळे होते. दहा हजारांची नोट आणि एक लाखाची नोट यांत फरक एका शून्याचा. पहाटे झोपेत, डोक्याला बांधलेल्या टॉर्चच्या उजेडात हिशेब करणाऱ्याला तो दिसतोच असं नाही. लाखाची नोट लालसर आणि दहा हजारांची जांभळट असते, एवढं डोक्यात बसवलं तरी पुरे. बोलताना लोक ‘रिबू’ म्हणजे हजार म्हणतात, कित्येकदा तेही गाळून नुसतं ‘पन्नास’ म्हणतात. एटीएमचं आणखी एक. कित्येक ठिकाणी आधी नोटा येतात, कार्ड नंतर. नोटा मोजत बाजूला झालात की कार्ड मशीनमध्येच राहतं. ग्रुपमध्ये एकाकडे कॉमन फंड द्या, सुट्या नोटा त्याच्याकडेच राहू द्यात, जीप, शौचालय, टिप सगळं त्यातून.

आता इजेन. यादीतला मोठा भाग यानेच खाल्लाय, आणि तो खायलाच हवा. पालतुडिंग हे पायथ्याचं ठिकाण, तिथून कड्यापर्यंत जेमतेम तीन किलोमीटरची वाट आहे, पण चढ सुमारे पाचशे मीटरचा. वर जायला डॉक्टरकडून तब्येत ठीक असल्याचा दाखला लागतो. ‘सुरात केतेरांगान सेहात’ असं त्याला म्हणतात आणि तो परिसरातल्या दवाखान्यात मिळतो. मिळतो म्हणून तो सोपस्कार समजू नका. दमा असेल, हृदयाचा त्रास असेल, तर दाखला मिळाला तरी कड्यावरच थांबा, खाली विवरात उतरू नका. विवरातलं सरोवर जगातलं सर्वांत मोठं आम्लयुक्त विवर-सरोवर मानलं जातं. त्याचा रंग फिरोजा खड्यासारखा आहे, आणि त्याच्या काठाजवळून गंधकाचा पिवळट धूर येत राहतो. वारा फिरला की तो धूर थेट वाटेवर येतो.

त्यासाठी मास्क. ओला रुमाल किंवा दवाखान्यातला निळा मास्क यांनी गंधकाच्या वायूपुढे काही होत नाही. गाळणीचे डबे लावलेला, आम्लवायूसाठीचा पूर्ण मास्क हवा. तो गाइडकडे भाड्याने मिळतो, आणि इथेच खरी तयारी असते. मास्क घातल्यावर दोन्ही डब्यांवर तळहात दाबून श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटून आत ओढला गेला तर ठीक. नाकाच्या बाजूने किंवा हनुवटीखालून वारा आत आला तर पट्टे आवळा, तरीही आला तर दुसरा मागा. आमच्यातल्या एका दाढीवाल्याचा मास्क कसाही बसेना, दाढीमुळे कडेला फट राहत होती. त्याने अर्ध्या वाटेवर येऊन सगळ्यांना शिव्या दिल्या, मग हॉटेलवर परत जाऊन दाढी करायचं राहूनच गेलं आणि तो वरूनच बघत बसला. दाढी आदल्या रात्री उतरवायची की विवरात उतरायचं नाही, हा निर्णय घरी घ्या. डब्यांवर झाकण होतं का, ते उघडून किती दिवस झाले, हे भाड्याने देणाऱ्याला विचारायला लाजू नका.

चांदीचं काही घालून जाऊ नका, जोडवी, पैंजण, साखळी, काहीच नको. गंधकाच्या वायूने चांदी काळी पडते. आमच्यातल्या एकीची जोडवी एका रात्रीत कोळशासारखी झाली, नंतर सोनाराने चकचकीत करून दिली, पण दोन दिवस चेहरा पडलेला होता. अंगावरच्या कपड्यांना सडक्या अंड्याचा वास लागतो, म्हणून त्या रात्रीचे कपडे ठेवायला वेगळी प्लॅस्टिकची पिशवी घ्या. बॅगेत तसेच कोंबले तर बालीचे सगळे फोटो त्या वासातच काढावे लागतील.

बुटांचं तळ खडबडीत हवं. उतरण दगडांची, भुसभुशीत आणि अंधारातली आहे, घसरलात तर धरायला गंधकाची भिंतच सापडते. टॉर्च हातातला नको, डोक्याला बांधायचा घ्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. समोरून गंधक वाहणारे कामगार येतात तेव्हा टॉर्च खाली वळवा आणि वाट द्या. सत्तर, कधी नव्वद किलो वजन दोन टोपल्यांत खांद्यावर घेऊन ते त्याच चढावरून येतात. त्यांच्यापुढे सेल्फीसाठी थांबणं मला तरी बघवत नाही. ज्यांचे गुडघे बोलतात त्यांच्यासाठी वाटेवर माणसांनी ओढायच्या छोट्या ढकलगाड्या असतात. घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

कड्याच्या काठावर फोटोचा नियम ग्रुपने आधीच ठरवा आणि तो कडक ठेवा, म्हणजे मागे सरकायचं नाही, पाठ दरीकडे करायची नाही. एप्रिल २०२४ मध्ये तिथे फोटोसाठी मागे सरकताना एक पर्यटक खाली पडून मरण पावली. गाइड ‘हाती-हाती’ म्हणतो तेव्हा ते हात जपायला सांगत नसतो, ‘सावध’ असा त्याचा अर्थ आहे. ‘तुरुन’ म्हणजे खाली उतरा, ‘असाप’ म्हणजे धूर. एवढे तीन शब्द सगळ्यांनी पाठ करा.

ब्रोमोचं सामान त्यामानाने साधं. एकावर एक घालता-काढता येतील असे तीन थर, वर वारा न शिरणारं जाकीट, कानटोपी, हातमोजे. कोरड्या महिन्यांत, जुलै-ऑगस्टच्या सुमाराला, पहाटे तिथे दहिवर गोठतं. ब्रोमोभोवती पसरलेल्या वाळूच्या समुद्रात जीप धूळ उडवते, त्यामुळे कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी चष्मा न्यावा आणि कॅमेऱ्याची लेन्स झाकून ठेवावी. विवराच्या काठावर जायला शेवटी जिना आहे, तिथेही वासाचा झोत येतो, तेव्हा एखादा मास्क पिशवीत असलेला बरा. तेंगेर हिंदू आहेत आणि कसादा सणाला विवरात अर्पण टाकतात, म्हणून काठावर पडलेल्या भाज्या-फळांना कोणीतरी टाकून दिलेलं समजू नये. आणि आपल्या लोकांना धुराचे फटाके लावून फोटो काढायची हौस असते, ती घरीच ठेवा. सप्टेंबर २०२३ मध्ये प्री-वेडिंग फोटोसाठी पेटवलेल्या एका फ्लेअरने तिथल्या गवताळ टेकड्या जळाल्या होत्या.

योग्याकार्ताच्या बाजूला तयारी कमी लागते, पण तिकीट आधी काढायला लागतं. बोरोबुदूरच्या बौद्ध स्तूपावर चढायला रोजची संख्या मर्यादित आहे. १,२०० लोकांच्या मर्यादेपासून ते सुरू झालं, वेळेच्या ठरावीक तुकड्या आहेत, गाइड सोबत असतो, आणि दगड झिजू नयेत म्हणून आपली पादत्राणं काढून खास विणलेल्या वहाणा घालायला देतात. त्या वहाणांना तिथे ‘उपानत’ म्हणतात. आपल्या संस्कृतातला उपानह. ऐकून आमच्या ग्रुपमधल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या डोळ्यांत पाणी आलं, तिच्यासाठी तिकिटाचे पैसे तिथेच वसूल झाले. नवव्या शतकातली ही वास्तू, २,६७२ कोरीव फलक आणि ५०४ बुद्धमूर्ती, म्हणजे एका तासात ‘पाहून झालं’ असं होत नाही. प्रंबानानच्या हिंदू मंदिरांत रामायणाच्या शिल्पांची प्रदक्षिणा शिवमंदिरात सुरू होते आणि ब्रह्मदेवाच्या मंदिरात संपते. आपल्याला कथा माहीत आहे, त्यामुळे गाइडपेक्षा आपलीच आजी जास्त उपयोगी पडते. उन्हाला मात्र सावली नाही. टोपी आणि पाणी, बस.

शाकाहारी मंडळींसाठी एक ओळ तोंडपाठ हवी, ‘तानपा दागिंग, तानपा इकान, तानपा तेरासी’, म्हणजे मांस नको, मासे नको, तेरासी नको. तेरासी म्हणजे कोळंबीची आंबवलेली लगदी, ती चटणीत असते आणि दिसत नाही. टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, मात्र डोळे मिटून खा, जावाचीच देणगी आहे.

मग फेरी. केतापांगहून गिलिमानुकला, जावाहून बालीला, पाऊण-एक तासाची. गाडीत बसून राहू नका, वर डेकवर जा आणि लाइफ जॅकेट कुठे ठेवलीत ते आधी बघून ठेवा. जुलै २०२५ मध्ये याच सामुद्रधुनीत एक फेरी बुडाली. आणि पलीकडे उतरताच घड्याळ एक तास पुढे करा. जावाची वेळ वेगळी, बालीची वेगळी. फोन आपोआप बदलतो, हातातलं घड्याळ बदलत नाही, आणि ग्रुप ज्याच्या घड्याळावर चालतो त्याचंच विसरलेलं असतं.

बालीत १,५०,००० रुपियाहचा पर्यटक कर आहे, तो ऑनलाइन भरून पावतीचा क्यूआर कोड फोनमध्ये ठेवा. देवळांसाठी सारोंग आणि कमरेला बांधायचा पट्टा लागतो. न्येपीच्या, म्हणजे बालीतल्या मौनाच्या दिवशी विमानतळसुद्धा बंद असतो, तो दिवस मार्चच्या आसपास येतो, तारीख तपासूनच तिकीट काढा. स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर लायसन्स आणि विमा यांचं कलम वाचून मगच, कारण दुचाकीचा अपघात कित्येक पॉलिसींत वगळलेला असतो. ज्वालामुखीवरचा ट्रेकही वगळलेला असू शकतो, तोही शोधा.

निघायच्या आठवड्यात इंडोनेशियाच्या ज्वालामुखी विभागाची इशारा-पातळी बघा. चार पायऱ्या आहेत, नॉर्मल, वास्पादा, सियागा, अवास. सियागा किंवा त्याच्या वर गेलं की त्या डोंगराचं नाव कार्यक्रमातून काढायचं, वाद नको. राखेचा धोका विमानांनाही असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबी लाकी-लाकीच्या उद्रेकाने बालीची उड्डाणं रद्द झाली होती, आणि तो डोंगर बालीपासून शेकडो किलोमीटरवर आहे. त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदला पूर्ण दिवस रिकामा ठेवा आणि त्या दिवसाला काही नाव देऊ नका. आमच्या यादीत तो ‘कपडे धुणे’ असा लिहिलेला असतो, म्हणजे कोणी मध्येच नवी सहल घुसडत नाही.