मुलाला नंतर आणा, आधी तुम्ही या: दत्तक कुटुंबासाठी समुपदेशन

फोनवरचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "मॅडम, मुलाला कधी आणू?" माझं उत्तरही ठरलेलं असतं. इतक्यात नको. आधी तुम्ही दोघं या. घरात आजी-आजोबा असतील तर पुढच्या खेपेला त्यांना आणा. मुलाचं त्यानंतर बघू.

मी नाशिकला समुपदेशन करते. त्याआधी बरीच वर्षं एका दत्तक संस्थेत समाजकार्यकर्ती होते. गृहभेटी, अहवाल, मूल घरी गेल्यावर दर सहा महिन्यांनी पाठपुरावा, हे माझं काम. नियमाप्रमाणे हा पाठपुरावा दोन वर्षं चालतो. तान्हं बाळ घरी आलं असेल तर ही दोन वर्षं बाळसं, लसीकरण आणि बारशाचे फोटो यांतच जातात. अवघड प्रश्न पुढे येतात, साधारण सातव्या-आठव्या वर्षी आणि मग तेराव्या-चौदाव्या. तोवर संस्थेची फाइल कपाटात गेलेली असते.

सातव्या-आठव्या वर्षीच का? चार वर्षांचं मूल "मी आईच्या पोटातून नाही, मनातून आलो" असं पाहुण्यांसमोर पोपटासारखं म्हणून दाखवतं, आणि आईबाबांना वाटतं, झालं, सांगून झालं. वय वाढलं की त्याच वाक्याची दुसरी बाजू दिसायला लागते. या घरानं मला घेतलं, म्हणजे आधी कुणीतरी सोडलं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रॉडझिन्स्की यांनी मुलांची दत्तकाबद्दलची समज वयागणिक कशी बदलते याचा बराच अभ्यास केला आहे. माझ्या खोलीत तो रोज पटतो. या वयात मूल गप्प होतं, चिडचिडं होतं, आई भाजी आणायला गेली तरी दारात उभं राहतं. हे बिघडल्याचं लक्षण नाही. पण त्या वेळी घरातल्या मोठ्यांकडे बोलायला शब्द नसले, तर मात्र गोष्ट बिघडते.

आपल्याकडे बहुतेक घरांत यशोदेची गोष्ट सांगतात. गोष्ट चांगलीच आहे, पण शेवटपर्यंत सांगायची तयारी ठेवा. एका मुलीनं आईला विचारलं होतं, "मग कृष्ण मथुरेला निघून गेला ना? मला कधी जायचंय?" (ओळख पटू नये म्हणून या लेखातले असे तपशील मी बदलले आहेत.) तसंच "आम्ही तुला निवडलं" हे वाक्य. आता कारा, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या यादीत क्रमानं नंबर लागतो आणि मुलाची माहिती आल्यावर ४८ तासांत होकार कळवावा लागतो. दुकानात जाऊन निवडल्यासारखं यात काही नसतं. "आम्ही वाट बघत होतो आणि तुझा फोन आला" हे खरंही आहे आणि मुलाला पेलणारंही. "तुझी आई गरीब होती म्हणून दिलं" हे तर सांगूच नका. बाबांची नोकरी गेली त्या महिन्यात एक मुलगा आपली बॅग भरून बसला होता.

आता समुपदेशक शोधायचा कसा ते सांगते. पहिला फोन मूल जिथून आलं त्या संस्थेला करा. दत्तकानंतरची मदत हे संस्थेचं कामच आहे आणि तिथल्या ताईंना शहरातली भरवशाची नावं ठाऊक असतात. संस्था बंद पडली असेल किंवा लांब असेल, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. तालुक्याच्या गावी असाल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागापासून सुरुवात करा आणि पुढची सेशन्स व्हिडिओवर चालतील का ते बघा. आईबाबांबरोबरचं काम व्हिडिओवर चांगलं होतं, लहान मुलाबरोबरचं फारसं नाही.

नाव मिळालं की पात्रता विचारायला लाजू नका. बोर्डावर 'समुपदेशक' कुणीही लिहितं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तो क्रमांक मागा. औषधं लागणार असतील तर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरच हवेत. समाजकार्य किंवा समुपदेशनाची पदवी असलेली माणसंही हे काम उत्तम करतात, मी त्यातलीच, पण त्यांनी दत्तक कुटुंबांबरोबर प्रत्यक्ष किती काम केलंय ते विचारा. मग हा प्रश्न टाका: "आमचं मूल दत्तक आहे, याचा तुमच्या कामात काय फरक पडतो?" उत्तर आलं, "छे हो, सगळी मुलं सारखीच," तर आभार मानून फोन ठेवा. उत्तर आलं, "दत्तक आहे ना, मग हे होणारच," तरीही ठेवा. पहिल्याला मुलाचं दुःख दिसत नाही आणि दुसऱ्याला दुसरं काहीच दिसत नाही. वर्गात लक्ष न देणाऱ्या एका मुलीच्या वागण्यात सगळे 'सोडून दिल्याची जखम' शोधत होते, आणि तिला एका कानानं कमी ऐकू येत होतं. कान, डोळे आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी आधी करून घ्या.

डेबोरा सिल्व्हरस्टीन आणि शॅरन कॅप्लन या अमेरिकन अभ्यासकांनी १९८२ साली दत्तकातल्या सात मुद्द्यांची मांडणी केली: गमावणं, नाकारलं जाणं, अपराधीपणा आणि लाज, शोक, ओळख, जवळीक आणि आपल्या आयुष्यावरचा ताबा. तुमच्या समुपदेशकाला ती माहीत असावी. तिचं महत्त्व असं, की हे सात मुद्दे मुलाला लागू आहेत तसेच दत्तक आईवडिलांना आणि जन्म देणाऱ्यांनाही. म्हणूनच मी आधी तुम्हा दोघांना बोलावते. आयव्हीएफचे फसलेले प्रयत्न, पडलेले गर्भ, सासरचे टोमणे, यांवर दोघं एकमेकांशी कधी बोललेलीच नसतात. मूल आलं म्हणजे ते सगळं मिटलं, असं धरून चालतात. मग मूल "तू माझी खरी आई नाहीस" म्हणालं की आई कोसळते, कारण तेच वाक्य ती स्वतःला कैक वर्षं म्हणत आलेली असते. मूल घरी आल्यावर पहिल्या काही महिन्यांत आईला उदास वाटणं, प्रेमच वाटत नाही अशी भीती वाटणं हेही होतं. बाळंतपण न होताही होतं. त्यासाठी नुसती स्वतःपुरती वेळ घेतलीत तरी चालेल.

पहिल्या भेटीला संस्थेनं दिलेला बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल घेऊन या. तिथले फोटो, तिथलं नाव, अंगावरचं झबलं, जे असेल ते आणा. पण मुलाच्या मागे हे कागद नातेवाइकांत फिरवू नका. ती त्याची गोष्ट आहे, कुणाला किती सांगायची ते पुढे त्यानं ठरवायचं.

या साहित्यातून आम्ही जीवनकथेची वही करतो. साधी चित्रकलेची वही चालते. पहिलं पान 'तू घरी आलास तो दिवस' असं नको. पहिलं पान जन्माचं: तू इतर बाळांसारखाच एका बाईच्या पोटातून जन्मलास. जे माहीत नाही त्यासाठी कोरं पान ठेवा आणि वर लिहा, 'हे आपल्याला माहीत नाही.' आईबाबांचा हात त्या पानावर सगळ्यात जास्त अडतो. काहीतरी गोड लिहून पान भरावंसं वाटतं. भरू नका. मुलं त्या कोऱ्या पानावर स्वतः चित्र काढतात, आणि पुढची सेशन्स त्या चित्रावरच चालतात.

मूल पाच-सहा वर्षांचं होऊन घरी आलं असेल तर काम वेगळं. पोळी उशीखाली लपवणं, रात्री दिवा मालवू न देणं, पहिल्या दिवशी अनोळखी पाहुण्याच्या मांडीवर जाऊन बसणं. यावर रागवायचं नाही, लेक्चरही द्यायचं नाही. त्याच्या नावाचा खाऊचा डबा पलंगाशेजारी ठेवा आणि तो कधीच रिकामा होऊ देऊ नका. या वयाच्या मुलांचं सेशन खेळातून चालतं आणि आई किंवा बाबा खोलीत असावे लागतात. "मुलाला सोडून तासाभरानं या" असं कुणी पहिल्या दिवसापासून सांगत असेल तर कारण विचारा. मुलाला दाबून धरून 'राग बाहेर काढणारा' उपचार कुणी सुचवला तर तिथून उठा. २००० साली अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये 'पुनर्जन्म' नावाच्या अशाच प्रकारात दहा वर्षांची एक दत्तक मुलगी गुदमरून मेली.

आजी-आजोबांचं सेशन मला मनापासून आवडतं. "रक्तात काय असेल कोण जाणे" हे वाक्य तिथे येतंच, आणि ते मुलासमोर येण्यापेक्षा माझ्यासमोर आलेलं बरं. वाद घालून काही होत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत दत्तक घेतला आणि तो डॉक्टर झाला, हे सांगितलं की आजोबा थोडे सैल होतात. (नातवाला मात्र लगेच "तूही डॉक्टर हो" म्हणू नका.)

शाळेत 'माझे कुटुंब' प्रकल्प आणि वंशवृक्ष येतोच. तीन उत्तरं घरी नाटकासारखी घोटून घ्या: "हो, मी दत्तक आहे", "ते आमच्या घरचं आहे", आणि काही न बोलता तिथून निघून जाणं. तीनही बरोबर आहेत.

किशोरवयात मुलं इन्स्टाग्रामवर स्वतःच शोध सुरू करतात. त्यापेक्षा रीतसर वाट दाखवा. अठरा पूर्ण झाल्यावर स्वतः आणि त्याआधी दत्तक आईवडिलांबरोबर मिळून काराकडे मूळ शोधण्याचा अर्ज करता येतो. तिसऱ्या माणसानं परस्पर शोध घेणं नियमात बसत नाही आणि जन्मदात्यांची गोपनीयता मोडता येत नाही. त्यांनी नकार दिला किंवा ते सापडले नाहीत, तर कोणत्या परिस्थितीत मूल सोपवलं तेवढं कळू शकतं. म्हणून अर्जाआधी समुपदेशकाबरोबर बसून प्रत्येक शक्यतेवर बोलून घ्या: फाइलमध्ये काहीच नाही, नाव आहे पण उत्तर नाही, किंवा भेट झाली आणि ती हवी तशी झाली नाही. आईबाबांनीही स्वतःसाठी वेगळी वेळ घ्यावी. "एवढं केलं आणि आता हा तिला शोधतोय" हे त्याच्यासमोर बोलायचं वाक्य नव्हे, पण कुठेतरी बोललं पाहिजे.

आणि बाळ सोपवलेल्या बाईसाठी. बाल कल्याण समितीसमोर सही केल्यावर फेरविचाराला ६० दिवस मिळतात, त्यानंतर तिला कुणी फोन करत नाही. तुम्ही त्यांतल्या असाल तर समुपदेशन तुमच्यासाठीही आहे, कितीही वर्षं झाली असली तरी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे, नवऱ्यापासून आणि सासरपासूनसुद्धा. बाळ कुठे आहे हे समुपदेशक सांगू शकणार नाही, ते पहिल्याच भेटीत स्पष्ट करून घ्या. बाळाच्या जन्मतारखेच्या आसपास त्रास वाढत असेल तर त्याच्या आधीच्या आठवड्यातली वेळ मागून ठेवा. जवळ कुणीच नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मराठीत बोलता येतं.