नगरपरिषदेच्या कामाची तक्रार कुठे अडकते? या चुका टाळा

गल्लीत सिमेंटचा रस्ता होतो. पहिल्याच पावसात खडी उघडी पडते, पाणी ओट्यावर चढतं आणि मग लोक जागे होतात. निवेदन लिहिलं जातं, पन्नास सह्या गोळा होतात, मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलाभोवती उभं राहून फोटो काढला जातो. तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. तोवर ठेकेदाराचं अंतिम देयक निघून महिने झालेले असतात आणि निवेदनाचा आवक क्रमांक पन्नासांपैकी एकाकडेही नसतो.

छोट्या गावातल्या अशा तक्रारी बहुतेकदा खऱ्या असतात. त्या उशिरा पोचतात किंवा भलत्याच टेबलावर पोचतात, एवढंच. नगरपरिषदेच्या कामाची वाट ठरलेली असते: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, प्रत्यक्ष काम, मोजमाप, देयक आणि शेवटी दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत. यातल्या प्रत्येक टप्प्यावर नागरिकाला हात घालायला जागा असते, पण ती त्या टप्प्यापुरतीच. पुढच्या चुका वाचताना हा क्रम डोक्यात असू द्या.

रस्ता कोणाचा हे न पाहता अर्ज करणं

गावातून जाणारा रस्ता नगरपरिषदेचाच असतो असं नाही. तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल, राष्ट्रीय महामार्गाचा असेल, हद्दीच्या टोकाला जिल्हा परिषदेचाही असेल. पाणीयोजना नगरपरिषदेच्या नावाची, पण बांधणारं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, असंही पुष्कळ गावांत आहे. आमदार निधीचं काम नगरपरिषदेच्या हद्दीत असलं, तरी ते करणारी यंत्रणा दुसरी असू शकते. मुख्याधिकारी मग एका ओळीत उत्तर देतात, ‘सदर काम या कार्यालयाशी संबंधित नाही’, आणि तुमचे दोन महिने जातात.

सोपा उपाय म्हणजे कामाचा फलक. कामाचं नाव, निधी कुठला, यंत्रणा कोणती, रक्कम, मुदत, ठेकेदार आणि दोषदायित्व कालावधी हे सगळं त्यावर असायला हवं. फलक लागल्या दिवशीच त्याचा फोटो काढून ठेवा, कारण काम संपल्यावर तो कुणाच्या तरी गोठ्याचं दार झालेला असतो. फलकच नसेल तर पहिली लेखी तक्रार फलकाचीच करा. ती बिनवादाची तक्रार आहे आणि तिच्या उत्तरात यंत्रणेचं नाव आपोआप कागदावर येतं.

बांधून झाल्यावर पातळी बघणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. जुन्या डांबरी रस्त्यावर सिमेंटचा थर चढतो, दहा वर्षांनी त्यावर पेव्हर ब्लॉक बसतात आणि घराचा उंबरा रस्त्याच्या खाली जातो. पुढची प्रत्येक जूनची रात्र बादल्यांनी पाणी उपसण्यात जाते. एकदा काँक्रीट घट्ट झालं की ते उखडून पुन्हा खाली घ्या, असा आदेश कुणीही काढत नाही.

हे विचारायची वेळ म्हणजे कार्यारंभ आदेश निघाल्यापासून पहिला ट्रक येईपर्यंत. कनिष्ठ अभियंत्याला गाठून तीन गोष्टी विचारा. जुना थर खरवडणार आहात की त्यावरच ओतणार? तयार रस्त्याची पातळी माझ्या जोत्यापेक्षा किती वर किंवा खाली येईल? पाण्याचा उतार कुठल्या गटाराकडे आणि त्या गटाराचा तळ पुढच्या नाल्यापेक्षा उंच आहे ना? तिसरा प्रश्न विचारला की बरेचदा शांतता पसरते. गटारं शंभर-शंभर मीटरच्या तुकड्यांत वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या निधीतून होतात आणि दोन तुकड्यांच्या तळांचा मेळ कुणी घातलेलाच नसतो. उत्तर तोंडी मिळालं तर घरी येऊन तेच पत्रात लिहा, ‘दिनांक अमुक रोजी झालेल्या चर्चेनुसार’ अशी सुरुवात करा आणि पत्राची पोच घ्या.

जमिनीखालचं कामही याच वेळी विचारायचं. नवी जलवाहिनी किंवा भुयारी गटार मंजूर असेल तर आधी ते, मग रस्ता. क्रम उलटा होत असेल तर वाहिनीच्या अंदाजपत्रकात रस्ता पूर्ववत करण्याची रक्कम धरली आहे का ते बघा. ती नसेल तर रस्त्यावरचा चर मातीनेच भरला जाणार हे नक्की समजा.

झाकलं जाणारं काम झाकेपर्यंत न बघणं

मोजमाप पुस्तिका, बोलीभाषेत एम.बी., हा साऱ्या प्रकरणाचा गाभा. तिच्यात लिहिलं तेवढ्याचे पैसे निघतात. खालचं दगडाचं सोलिंग, मुरूम, पाइपखालची वाळू हे वरून काँक्रीट पडल्यावर कुणालाच दिसत नाही. म्हणून फोटो काढायचा तो तयार रस्त्याचा नाही, उघड्या खोदकामाचा. शेजारी मोजपट्टी धरा आणि ओळखू येणारं एखादं दुकान किंवा खांब चौकटीत येऊ द्या.

जाडीचा हिशेब घरी बसून करता येतो. शंभर मीटर लांब, चार मीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर जाड रस्त्याला 60 घनमीटर काँक्रीट लागतं. जाडी बाराच सेंटिमीटर भरली तर 48 घनमीटर. तीन सेंटिमीटरचा फरक चालणाऱ्याच्या पायाला कळत नाही, बिलात मात्र तो बारा घनमीटरचा असतो.

ताकदीचं गणितही अवघड नाही. एम-30 दर्जा म्हणजे 28 दिवसांनी एका चौरस मिलीमीटरला 30 न्यूटन भार सोसणारं काँक्रीट. त्यासाठी त्याच काँक्रीटचे ठोकळे भरून प्रयोगशाळेत फोडावे लागतात आणि त्याचे अहवाल देयकाला जोडलेले असतात. रस्त्याला किमान 14 दिवस पाणी मारणं, गोणपाट ओलं ठेवणं अपेक्षित आहे. मे महिन्याच्या उन्हात तिसऱ्या दिवशी टँकर यायचा बंद झाला तर त्याच दिवशी लेखी कळवा. सहा महिन्यांनी ‘पाणी मारलं नव्हतं’ असं सांगण्याला कसलाही आधार उरत नाही.

माहिती अधिकारात ‘का’ विचारणं

‘रस्ता निकृष्ट का झाला? जबाबदार कोण? कारवाई का केली नाही?’ अशा अर्जाला ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर मिळतं आणि कायद्याने ते बहुधा टिकतं. अस्तित्वात असलेली माहिती देणं बंधनकारक आहे, कारणमीमांसा देणं नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्येच स्पष्ट केलं आहे. म्हणून कागद मागा, प्रश्न विचारू नका. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा, शुल्क दहा रुपये. अर्ज मंडळाच्या किंवा संघर्ष समितीच्या लेटरहेडवर करू नका, हा हक्क नागरिकाचा आहे. एका माणसाने स्वतःच्या नावाने सही करायची.

मजकूर साधारण असा ठेवा:

‘प्रभाग क्रमांक अमुक, अमुक चौक ते अमुक मंदिर रस्ता काँक्रीटीकरण या कामाच्या पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता आदेश, कार्यारंभ आदेश, करारनाम्यातील दोषदायित्वाची अट, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, काँक्रीट चाचणी अहवाल, त्रयस्थ तांत्रिक तपासणी अहवाल, अदा केलेली सर्व देयके.’

उत्तराची मुदत 30 दिवस. ती उलटली तर माहिती विनामूल्य द्यावी लागते, हे पहिल्या अपिलात आवर्जून लिहा. पहिलं अपील 30 दिवसांत, दुसरं राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे 90 दिवसांत. दुसऱ्या अपिलाची तारीख लागेपर्यंत रस्ता पुन्हा एकदा होऊन जाऊ शकतो, तेव्हा सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

दोन गोष्टी लोकांना फारशा ठाऊक नसतात. कायद्यातल्या ‘माहितीचा अधिकार’ या व्याख्येत कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंही येतं. आणि नोव्हेंबर 2018 च्या राज्य सरकारच्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहायला खुले ठेवायचे आहेत. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याआधीच सुरू झाली होती. छोट्या नगरपरिषदेत सोमवारी जाऊन हे सांगितलं तर समोरचा लिपिक आधी तुमच्याकडे आणि मग मोठ्या बाबूंकडे बघेल. म्हणून परिपत्रकाची प्रत खिशात ठेवा.

चुकीच्या व्यासपीठावर वेळ घालवणं

जिल्हा लोकशाही दिन, म्हणजे जिल्हाधिकारी नागरिकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यायचा आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी. ‘आमच्या प्रभागातला रस्ता’ या शब्दांनीच अर्ज बाद होऊ शकतो. ‘माझ्या घरात पाणी शिरतं’ असं लिहिलं तर तो वैयक्तिक होतो, आणि ते खरंही असतं. लोकसेवा हक्क कायदा 2015 चा. तो दाखले, नळजोडणी अशा अधिसूचित सेवांपुरता आहे, रस्त्याच्या दर्जासाठी तिथे जाऊ नका.

जिल्हाधिकाऱ्यांकडचं खरं हत्यार वेगळं आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, 1965 च्या कलम 308 खाली नगरपरिषदेचा बेकायदा किंवा लोकांना उपद्रव होईल असा ठराव ते स्थगित करू शकतात. पण स्थगिती ठरावाच्या अंमलबजावणीला मिळते, म्हणजे अंमलबजावणी व्हायच्या आधीच अर्ज पोचायला हवा. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका म्हणूनच वाचायची. तिच्यात ‘ऐनवेळचे विषय’ असा शेवटचा मुद्दा असतो आणि पुष्कळ गावांत खरी सभा तिथूनच सुरू होते. सभेनंतर इतिवृत्ताची आणि ठरावाची प्रत मागून घ्या.

काम बंद पाडणं

राग समजतो, पण याने ठेकेदाराचाच फायदा होतो. नागरिकांच्या अडथळ्यामुळे उशीर झाला, असं लिहून त्याला मुदतवाढ मिळते आणि दंड टळतो. अभियंत्याशी झटापट झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 132 लागतं, जुन्या दंड संहितेतलं 353. मग चर्चा रस्त्याची राहत नाही, जामिनाची होते.

उपोषणाचंही थोडं तसंच. 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टच्या आदल्या संध्याकाळी लेखी आश्वासनांचा पाऊस पडतो. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ या वाक्यावर लिंबूपाणी घेऊ नका. कोण, काय आणि कुठल्या तारखेपर्यंत करणार, हे पत्रात असल्याशिवाय उठू नका.

‘ते प्रशासकांच्या काळातलं’ हे ऐकून परतणं

निवडणुका रखडल्यामुळे राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर काही वर्षं प्रशासक होते. डिसेंबर 2025 च्या निवडणुकांनंतर नवे नगराध्यक्ष आणि नगरसेवक आले आणि त्यांच्याबरोबर ही सबबही आली. प्रशासकांनीही ठराव केले, देयकं काढली, त्यांच्या फायली त्याच कपाटात आहेत. मुख्याधिकारी हे पद तर सलग चालू आहे. अर्ज व्यक्तीच्या नावाने न करता पदनामाने करा, म्हणजे बदली झाली तरी तो जिवंत राहतो. हाती पोच मिळत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा.

टक्केवारीच्या गप्पा कट्ट्यावर ठेवा. अर्जात ‘भ्रष्टाचार’ लिहिलं की पुरावा तुमच्याकडे मागतात. ‘अंदाजपत्रकात पंधरा सेंटिमीटर, जागेवर बारा, कोअर काढून तपासावे’ असं लिहिलं की अभियंत्याला मोजायला यावं लागतं. (कोअर म्हणजे रस्त्याला भोक पाडून काढलेला गोल नमुना.)

दोषदायित्वाचे दिवस वाया जाऊ देणं

देयक निघून गेलं असलं तरी एक दार उघडं असतं. करारात लिहिलेल्या कालावधीत रस्ता फुटला, चेंबर खचलं, जोड उखडले तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं आणि त्याची सुरक्षा ठेव तोवर नगरपरिषदेकडे अडकलेली असते. कालावधी कामागणिक वेगळा असतो, करारातला आकडाच प्रमाण माना. तो काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यापासून मोजतात, उद्घाटनाच्या नारळापासून नाही. अर्जात कामाचं नाव, कार्यारंभ आदेशाचा क्रमांक आणि ‘दोषदायित्वाच्या अटीनुसार दुरुस्ती करून घ्यावी, तोपर्यंत सुरक्षा ठेव परत करू नये’ हे वाक्य हवं. त्याची एक प्रत लेखा विभागाला वेगळी द्या, कारण ठेव परत करण्याची फाईल अभियंत्याच्या टेबलावरून तिथेच जाते. आणि हा अर्ज पहिल्या पावसाळ्यानंतर, म्हणजे ऑक्टोबरमध्येच करा, खड्ड्यांचे फोटो ताजे असताना.