एका रेषेवर युरोपियम सापडत नसतं

ताऱ्यांच्या वर्णपटात दुर्मिळ मूलद्रव्यं शोधायची आहेत, असं म्हणणारी पोरं आता यवतमाळ-वाशिमकडच्या खेड्यांतूनही भेटतात. हे त्यांच्यासाठी. शोषणरेषा कशी उमटते, साहाचं समीकरण (कोणत्या तापमानाला किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात याचं) काय सांगतं, एवढं तुम्हाला येतं असं धरून चालतो.

आधी एक, दुर्बीण घेऊ नका. बापाच्या कापसाच्या पैशातून आलेली दुर्बीण या कामाला शून्य उपयोगाची. इथे लागतो तो मोठ्या वेधशाळेचा, ४०,००० किंवा त्याहून जास्त विभेदनाचा (म्हणजे जवळजवळच्या रेषा वेगळ्या दाखवणारा) वर्णपट, आणि तो युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या आर्काइव्हमध्ये फुकट मिळतो. फाइली जड असतात. आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून तुटलेलं डाउनलोड पुन्हा तिथूनच सुरू होईल अशी सोय आधी करा.

आता तो खड्डा, ज्यात मी बराच काळ पडून होतो. वर्णपटात ६६४५.१ अँगस्ट्रॉमला (हे तरंगलांबीचं माप, पुढचे आकडेही त्यातलेच) खळगी, म्हणजे शोषणरेषा दिसते, मूलद्रव्यांच्या रेषांच्या यादीत तिथे युरोपियम हे दुर्मिळ मूलद्रव्य लिहिलेलं असतं, आणि माणूस नाचायला लागतो. थांब ना बावा! लोहाच्याच रेषा हजारोंनी आहेत, लँथेनाइड्सच्या (युरोपियम ज्या गटातलं, त्या मूलद्रव्यांच्या) याद्याही तशाच दाट. कुठल्याही खळगीपाशी कोणतं ना कोणतं दुर्मिळ नाव निघतंच. आठवडी बाजारात पांढरी टोपी दिसली म्हणून तो आपला मामाच, असं कोणी म्हणतं का? ६६४५ ला खरंच युरोपियम असेल, तर ४१२९.७ आणि ४२०५.० ला त्याच्या रेषा दिसायलाच हव्यात, आणि त्याही जास्त ठळक. तिथे वर्णपट चांगला असून त्या नसतील, तर विषय संपला. जुळलेली रेषा सगळेच दाखवतात. जी रेषा असायला हवी होती आणि नाही, ती तुम्ही शोधा.

थोरियमचं तर आणखी बेकार. त्याची ४०१९.१३ ची रेषा लोह, निकेल, कोबाल्टच्या गर्दीत बसते, आणि ताऱ्यात कार्बन जास्त असला की कार्बन-१३ च्या सीएच रेणूची रेषा तिच्यावरच चढते. म्हणून कृत्रिम (संगणकावर गणितानं बनवलेला) वर्णपट काढताना थोरियम आधी शून्य ठेवा. बाकी सगळं घालूनही खरी खळगी जास्त खोल उरली, तरच पुढे बोला. नाही उरली तर कमाल मर्यादा लिहा, म्हणजे थोरियम याहून जास्त असू शकत नाही, एवढंच. तोही निकालच असतो, लाज वाटायचं कारण नाही. २००१ साली सीएस ३१०८२-००१ या ताऱ्यात युरेनियम दाखवता आलं, तेही लोहाच्या रेषेला खेटून असलेल्या ३८५९.५७ वर. तिथे कार्बन बेताचा होता, त्यामुळे सीएन रेणूच्या रेषांनी ती गिळली नाही. पॉल मेरिल या खगोलशास्त्रज्ञानं १९५२ मध्ये ताऱ्यांत टेक्निशियम दाखवलं, तेव्हाही ४२३८, ४२६२, ४२९७ अशा अनेक रेषा हाताशी होत्या. स्थिर समस्थानिकच नसलेलं मूलद्रव्य ताऱ्यात आहे, हे एका रेषेवर कोण मानणार?

बाकीच्या भानगडी किरकोळ, पण पाया त्यांचाच. यादी हवेतल्या तरंगलांबीची आहे की निर्वातातली, ते बघा. ४००० च्या आसपास दोन्हींत एक अँगस्ट्रॉमहून जास्त फरक पडतो. ताऱ्याचा वेग आणि पृथ्वीचा स्वतःचा सेकंदाला ३० किलोमीटरचा वेगही काढून टाका, त्यांनी रेषा सरकतात. युरोपियमच्या रेषा अतिसूक्ष्म विभाजनामुळे (अणुकेंद्रामुळे एकच रेषा अनेक बारीक रेषांत फुटते, त्यानं) रुंदावतात. ते सोडलं तर प्रमाण फुगतं.

बटण दाबलं की मूलद्रव्यांची नावं लिहून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर माझा राग आहे, आणि तो राहणार. सूर्याचा वर्णपट उघडून लोहाच्या रेषा हातानं ओळखत बसा. कंटाळा येईल, येऊ द्या. पैसे घेऊन पेपर छापून देणाऱ्यांच्या दारात तर उभंही राहू नका. मार्गदर्शक मोठ्या नावाचा नसला तरी चालेल, “दुसरी रेषा कुठाय?” असं विचारून डोकं खाणारा पाहिजे.

घरी विचारतील, यात पोट भरते का? जेआरएफ (पीएच.डी. करणाऱ्यांची शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहेत, घरभाडं वेगळं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून नेट, जेस्ट या देशपातळीवरच्या परीक्षा किंवा आयुकाची (पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेची) परीक्षा द्यायची. मराठी माध्यमाचं टेन्शन घेऊ नका, मुलाखतीत इंग्रजी अडखळली तरी फळ्यावर आकृती काढता येते. आणि एखाद्या सरांना मेल करणार असाल, तर “मला लहानपणापासून आकाशाची आवड” हा परिच्छेद काढा. एकाच ताऱ्याच्या तीन रेषांचा आलेख जोडा, न जुळलेली रेषाही त्यात ठेवा.