बाहेरच्या दिव्यांचा नकाशा ऑफिसातच काढताना

बांधकाम परवान्यासाठी लागणारा बाहेरच्या दिव्यांचा नकाशा, म्हणजे जागेवर कुठे किती उजेड पडेल ते दाखवणारा, मी बाहेरून करून घेत नाही. आधी मंजुरी देणाऱ्यांची नियमावली वाचा. हद्दीवर किती लक्स (पडणारा उजेड मोजायचं एकक) चालतात ते तिथेच कळतं. मग निवडलेल्या दिव्याची आयईएस फाइल (दिवा कोणत्या दिशेला किती उजेड टाकतो याची माहिती) उत्पादकाकडून घ्या आणि मोफत मिळणाऱ्या डायलक्स या उजेडाचा हिशोब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साइट प्लॅनवर बसवा. खांबाची उंची खालच्या चौथऱ्यासकट धरा.

हिशोब मात्र दोनदा कराच. किमान उजेड तपासताना मेंटेनन्स फॅक्टर (दिवा जुना, मळकट झाल्यावर उरणाऱ्या उजेडाचं प्रमाण) ०.८ घ्या, पण हद्दीबाहेर सांडणारा उजेड मोजताना १.०, कारण नवा दिवा शेजाऱ्याच्या खिडकीत पूर्ण ताकदीने येतो. हा सांडणारा उजेड जास्त भरला तर वॅट कमी करण्याआधी दिव्याला मागून शील्ड (उजेड अडवणारा आडोसा) लावून पाहा. शील्डसहित दिव्याची आयईएस फाइल वेगळी असते, तीच वापरा.