आरटीई प्रवेशांवर शोधनिबंध कसा लिहावा, कुठे पाठवावा

‘शिक्षण आणि सामाजिक न्याय’ एवढ्यावर निबंध उभा राहत नाही. आधी प्रश्न बारीक करा. शिक्षणहक्क कायद्याने (आरटीई) खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना दिल्या. प्रवेश किती झाले यावर भरपूर लिहून झालंय. मूल वर्गात बसल्यावर पुढे काय होतं, हे विचारा.

मग कागदपत्रं. बातम्यांवर भागवू नका. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट देणारी अधिसूचना महाराष्ट्र शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी काढली. मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलैमध्ये रद्द केली. अधिसूचना आणि निकाल, दोन्ही मुळातून वाचा. शाळांची आकडेवारी यू-डायस या सरकारी माहितीसाठ्यात मिळते. आणि महात्मा फुल्यांनी १८८२ साली ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेलं निवेदनही वाचाच. सारा भरतो शेतकरी, शिकतात वरचे, हा त्यांचा हिशेब आजही कामी येतो.

खरी कसोटी मुलाखतींची. शाळेच्या ऑफिसात पालकांना बसवलंत तर ‘सगळं छान आहे’ एवढंच कानावर पडेल. कामावरून परतल्यावर, त्यांच्या घरी भेटा. संमतीपत्र मराठीत हवं, वाचून दाखवा. ‘भेदभाव होतो का?’ असं थेट विचारू नका. ‘गॅदरिंगला पोरगी नाचात होती का?’ असं विचारा. नव्हती, तर ड्रेपरीच्या पैशांपासून बोलणं आपोआप सुरू होतं. नावं बदलली की झालं, असंही नाही. गावात इंग्रजी शाळा एकच आणि तिसरीत आरटीईचं मूल एकच असेल, तर अख्खं गाव त्याला ओळखतं. गावाचा तपशीलही झाका.

लिहून झालं की नियतकालिक निवडा. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे पारख आता तुमच्यावर. आयएसएसएन हा नियतकालिकाला मिळणारा नुसता ओळख क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. ‘तीन दिवसांत प्रकाशन, फी अमुक’ असा मेल आला तर सरळ डिलीट करा; प्रामाणिक परीक्षणाला महिने लागतात. इंग्रजीत ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’, मराठीत ‘समाज प्रबोधन पत्रिका’ यांचे जुने अंक चाळून आपला विषय कुठे बसतो ते बघा. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा.

परीक्षकांचे शेरे आले की दोन दिवस फाइल उघडू नका, राग निवू द्या. मग प्रत्येक शेऱ्याखाली काय बदललं, कोणत्या पानावर, ते लिहा. पटलं नाही तिथे कारण देऊन नकार कळवा; संपादकांना तेही चालतं.